चवीचा रकाना

साहेब, माझा फुगलेला पॅनकेक तुम्ही पाडला.

ओव्हन जुना होता, मान्य. सफरचंदं मेण चोपडलेली होती, तेही मान्य. पण पाडला तुम्ही. आमच्या पुढच्या खोलीत, आमच्याच दिवाणावर बसून, डोक्याला फेटा बांधून घेता घेता पाडला. पाडून वर तोच खाल्ला. कढईच्या काठाला चिकटलेलं सुद्धा नखानं खरवडून खाल्लं. आणि हात धुवायच्या आधी कागदावर लिहिलं, "पदार्थ छायाचित्राप्रमाणे नाही. अर्जदार अपात्र."

शुक्रवारी तुमच्या कचेरीत आले होते. लोणारहून बुलढाण्याला यायचं म्हणजे मेहकरला गाडी बदलायची, उभ्यानं यायचं, आणि तुमच्या दारासमोरच्या बाकावर दुपार होईपर्यंत बसायचं. तुम्ही मोबाईलमधून मान वर काढली नाही. म्हणालात, "जे काय असेल ते लेखी द्या, बाई."

हे घ्या लेखी. वाचायचा कंटाळा आला तर कुणाकडून तरी फेटा बांधून घ्या, म्हणजे बसवेल तुम्हाला.

तुम्हाला माझं नाव आठवत नसणार, म्हणून पहिल्यापासून सांगते. मी जयमाला. बसस्टँडमागच्या गल्लीत आमचं घर. खाली आम्ही राहतो, मागे गोठा, वर दोन खोल्या. त्या दोन खोल्या माझ्या आहेत. कागदावर नसतील, पण अकरा वर्षं मी शाळेतल्या, बँकेतल्या, दवाखान्यातल्या एकट्या माणसांना दोन वेळचे डबे पोचवले आणि त्या डब्यांतून ती एकेक वीट वर गेली. खिडकी उघडली की तळ्याच्या काठाची झाडं दिसतात. लोक कुठून कुठून तळं पाहायला येतात, दुपारभर फिरतात, आणि संध्याकाळी निघून जातात, कारण पाठ टेकायला धड जागा नाही. मला त्यांना ती द्यायची होती. स्वच्छ चादर, बादलीभर गरम पाणी, सकाळी खायला. त्यासाठी तुमच्या पर्यटन खात्याचा परवाना लागतो.

आता घरातलं सांगते, कारण त्याशिवाय तुम्हाला कळणार नाही तुम्ही काय केलं ते. घर सासऱ्यांच्या नावावर. ते गेले. तेव्हापासून घरात शब्द चालतो माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा. माणिकराव. तुम्हाला ते चांगलेच आठवत असतील, फेटा त्यांनीच बांधला. खतं-बियाण्यांचं दुकान आहे त्यांचं, आणि माझ्या खोल्यांना छत पडलं त्या दिवसापासून त्यांना तिथं गोदाम दिसतं. दिवाळीत चार नातेवाइकांसमोर त्यांनी माझ्या नवऱ्याला, गोविंदाला, सांगून टाकलं, "तुह्या बायकोनं परवाना आणला तं खोल्या तिच्या. नाई आणला तं मिरगाच्या आत मी वर पोते टाकतो. मंग रडारड नाई पाह्यजे."

हे ते मला म्हणाले नाहीत. मी दाराआड उभी होते. आमच्यात सून भासऱ्यांसमोर पदर घेते आणि तोंड उघडत नाही. एकवीस वर्षांत मी माणिकरावांशी एक शब्द बोललेली नव्हते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर परवाना. खोल्या पाहा, संडास पाहा, पाण्याची टाकी पाहा, मला सगळं पटतं. तुम्हाला काय पाहायचं होतं? "परदेशी न्याहारीचं प्रात्यक्षिक." आम्हा नऊ बायांना दोन दिवस हॉलमध्ये कोंबलं. शिकवायला जी मॅडम आणली होती ती आयुष्यात कधी ओव्हनपुढे उभी राहिली असेल असं मला वाटत नाही. पडद्यावर एक चित्रफीत लावायची, अर्ध्यात थांबवायची, "समजलं ना सगळ्यांना?" म्हणून पुढची लावायची. मग स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या. अमडापूरच्या रुख्मिणीला फ्रेंच टोस्ट निघाला. ती सुटली. मला निघाला भट्टीत भाजायचा जर्मन ॲपल पॅनकेक. सोबत प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला रंगीत फोटो. काळी कढई, तिच्या काठावरून चार बोटं वर चढलेला सोनेरी फुगा, आत सफरचंदाच्या फोडी, वर भुरभुरलेली पिठीसाखर.

मी हात वर करून विचारलं होतं, "सर, पाहुण्याले पिठलं-भाकर अन् कच्चा चिवडा देला तं नाई चालत का?"

हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं तुम्ही हसलात. "बाई, जर्मनीचा माणूस तुमचं पिठलं खायला येणार आहे का?"

मग काय खायला येणार आहे, साहेब? पॅनकेक तर त्याच्या घरी आहे. त्याची आई करते. लोणारच्या बाजारात मी परदेशी माणूस तीनदा पाहिला, तिन्ही वेळा तो हातगाडीपाशी उभा होता आणि चिवड्यात कांदा अजून टाक म्हणून बोटानं दाखवत होता. पण तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही हॉलमध्ये बसून जर्मनी ओळखता.

ठीक आहे. म्हटलं, करते.

घरात अंडं येत नाही. सासूबाई, झुंबरबाई, माळकरी आहेत. खाणाऱ्यांवर त्या चिडत नाहीत, पण अंडं उंबऱ्याच्या आत नको; पाहणीच्या दिवशी फक्त पुढच्या खोलीपुरती त्यांनी सूट दिली. आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत हीच रीत आहे. अंड्याचा तवा गोठ्यात खुंटीला, त्याची चूल तिथंच, त्याची घासणी वेगळी. म्हणून ओव्हनही गोठ्यात गेला. मेहकरला एक केकवाला दुकान बंद करत होता, त्याच्याकडून आणला. गाय निंबाखाली बांधली, जागा शेणानं सारवली, विजेची तार स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढली. घरातलं एकही भांडं बाटवायचं नाही म्हणून अमडापूरला माहेरी गेले आणि आईची बिडाची कढई घेऊन आले. जड, काळी, दोन कानांची. आई, गीताबाई नाव तिचं, म्हणाली, "इतक्या जड कढईत काय करतं व, लगनाची भाजी?" अंडी सुलतानपूरहून आणायची, गावातल्यापेक्षा ताजी मिळतात.

चार अंडी, अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी दूध, चिमूट मीठ. सफरचंद पातळ चिरून लोण्यात, साखर आणि दालचिनी घालून परतायचं. वर पीठ ओतायचं आणि ओव्हनमध्ये. सोडा नाही, पावडर नाही, जे काय फुगायचं ते अंड्याच्या जोरावर. वाचायला सोपं आहे. पहिल्यांदा दगड झाला. दुसऱ्यांदा फोडी कच्च्या. तिसऱ्यांदा मधेच दार उघडून पाहिलं आणि तो माझ्या डोळ्यांदेखत खाली बसला. चौथ्यांदा कढईला असा चिकटला की उलथन्यानं तोडून गाईपुढे टाकला. गाईनं हुंगून तोंड फिरवलं.

झुंबरबाई गोठ्याच्या दाराशी पोत्यावर बसून असायच्या. आत यायच्या नाहीत. नाकाला पदर लावायच्या आणि नजर मात्र ओव्हनच्या काचेवर.

"काय म्हणते व याले?"

"पॅनकेक, आत्याबाई. जर्मनीतलं धिरडं समजा."

"धिरडं? अन् मंग कढई थंडी काऊन?"

"म्हणजे?"

"धिरड्याले तवा तापवल्याबिगर पीठ टाकते का कोणी? एकवीस वर्सं झाले माह्या घरात, अजून हेच सांगू का तुले? गधडी कुठली! तापव ते कढई. चर्रर्र आवाज आला पाह्यजे पीठ टाकल्याबराबर."

दोन दिवसांच्या प्रशिक्षणात जे कुणाला सांगता आलं नाही ते एका माळकरी म्हातारीनं दारात बसून सांगितलं, जिनं उभ्या जन्मात अंडं जिभेला लावलेलं नाही.

कढई ओव्हनमध्येच तापवली. लोणी टाकलं, फोडी टाकल्या, पीठ ओतलं. चर्रर्र. दार लावलं आणि मी खाली उकिडवी बसले. दहाव्या मिनिटाला कडा हलल्या. पंधराव्याला त्या काठ चढून वर आल्या. विसाव्या मिनिटाला कढईत फोटो उभा होता. तुमचाच फोटो. मी ओरडले. झुंबरबाई पोत्यावरून उठल्या, दोन पावलं आत आल्या, परत मागे सरल्या. "बापा," म्हणाल्या, "हे तं जित्तं आहे."

बाहेर काढला आणि तीन मिनिटांत तो बसला.

मला वाटलं पुन्हा चुकलं. पुन्हा केला, पुन्हा फुगला, पुन्हा बसला. मग मोबाईलवर मॅडमची तीच चित्रफीत शोधून शेवटपर्यंत पाहिली. त्यांनी जिथं थांबवली होती त्याच्या पुढे, साहेब. तिथंही तो बसतो. काढणारी बाई हसत हसत सांगते की हा असाच बसतो, बसल्यावर लिंबू पिळून खा. म्हणजे फोटो काढणाऱ्यानं ओव्हनच्या दारात उभं राहून फोटो काढलेला. फुगा दोन-तीन मिनिटांचा, चव नंतरची.

हे कळल्याबरोबर मी तुम्हाला फोन केला होता. आठवतं का? तुम्ही जेवत होता, चावल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "सर, काढल्याबरोबर पाहावा लागतो, तीन मिनिटांच्या आत. नंतर बसतो तो, त्याची जातच तशी." तुम्ही म्हणालात, "हो हो, बघू बघू."

बघितलं तुम्ही.

पाहणीच्या पत्रावर दहाची वेळ होती. मी नऊला ओव्हन तापवून बसले. अकराला बंद केला. साडेअकराला फोन आला की निघालात, पुन्हा तापवला. बाराला बंद केला. तुमची गाडी आली बारा चाळीसला. तोवर पुढची खोली भरली होती. माणिकरावांनी दुकानासमोरची चार माणसं, शाल, नारळ, फेट्याचं कापड, हार, सगळं जमवून ठेवलेलं. आमच्याकडे कुणी साहेब घरी आला की आधी त्याचं डोकं झाकायचं, मग बाकीचं बोलायचं. हे तुम्हालाही ठाऊक आहे, कारण तुम्ही आल्या आल्या केसांवरून हात फिरवून बसलात.

मी मधल्या दारातून, पदर कपाळापर्यंत ओढून विचारलं, "टाकू का सर? वीस मिनिटं लागतात."

"टाका टाका, मला पुढे मेहकरला जायचंय."

मी टाकला. बारा बावन्न.

गोठ्यात माझ्याबरोबर तुमचा ड्रायव्हर होता. प्रसेनजित नाव त्यांचं, तुम्ही त्यांना "ए" म्हणता. पुढच्या खोलीत सरबत फिरत होतं, त्यांना कुणी पाणी विचारलं नाही, म्हणून ते मागच्या दारानं आले. मी तांब्या दिला. ते उभ्यानं प्यायले आणि ओव्हनच्या काचेत पाहून थांबले.

"ताई, काय आहे व हे?"

"पाहा फक्त. बोलू नका. उघडू नका."

"उघडत नाई. पण हे तं चढून राह्यलं! अबे! पाहा, पाहा, तिकडून पण निंघालं!"

पन्नाशीचा माणूस गुडघ्यावर हात ठेवून लहान लेकरासारखा पाहत होता. झुंबरबाई दारातून म्हणाल्या, "बाजूले सरक ना बापू, मले पण दिसू दे."

एक बारा. मी कढई काढली. असा पॅनकेक माझ्या हातून आधी कधी झाला नव्हता. एका बाजूनं चार बोटं, दुसऱ्या बाजूनं पाच. प्रसेनजितनं फोटो काढला. मी दोन्ही कानांना फडकी गुंडाळली आणि पळाले. गोठा, अंगण, स्वयंपाकघराच्या बाहेरून, बोळातून, मधल्या दारापर्यंत. झुंबरबाई मागून, "हळू, व माय, हळू!"

मधल्या दारात माणिकराव उभे होते.

तुमच्या डोक्याला फेट्याचा तिसरा वेढा चालला होता. बांधणारा त्यांचा मुनीम होता, ते स्वतः देखरेख करत होते. त्यांनी मला पाहिलं, कढई पाहिली, आणि पंजा दाखवला. थांब. ओठांवर बोट ठेवलं. साहेब बोलून राह्यले.

तुम्ही खरंच बोलत होता. फेटा बांधता बांधता बोलत होता, मान वाकडी करून. लोणारला जगाच्या नकाशावर नेणार होता. परदेशी माणसाकडून आपण वेळेची शिस्त शिकली पाहिजे, असं म्हणालात. हे शब्द मी माझ्या कानानं ऐकले, हातात तापलेलं बीड धरून.

मी एक पाऊल आत टाकू शकले असते. "सर, आता पाहा," एवढे तीन शब्द. माणिकराव समोर होते. पदर डोक्यावरून घसरत होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता, आणि अशा वेळी माझं सगळं ध्यान पदराकडे गेलं. मी तिथंच, कढई धरून, मान खाली घालून उभी राहिले. ही माझी चूक आहे. तुमच्या रकान्यात ती लिहिता येत नाही, मी इथं लिहिते.

माझी मान खाली होती म्हणून मी तो बसताना पूर्ण पाहिला. आधी मधला भाग गेला. मग डावा काठ आत दुमडला. वाफ निघाली, दालचिनीचा वास तुमच्यापर्यंत गेला असेल, तुम्ही बोलता बोलता नाकानं वास ओढलात. मागून झुंबरबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

"जा ना आत! काऊन थांबली?"

"दादा थांब म्हणून राह्यले," मी ओठातल्या ओठात म्हटलं.

"अवं, ते बसून राह्यलं ना!"

फेटा झाला. मग शाल. मग नारळ. मग गोविंदाच्या हातात मोबाईल देऊन फोटो, एकदा हसून, एकदा गंभीर, एकदा माणिकरावांचा हात तुमच्या खांद्यावर. मग दुसऱ्या माणसाला पण फोटो पाहिजे होता. एक पस्तीसला माणिकराव दारातून बाजूला झाले.

तुम्ही खिशातून तुमचा फोटो काढला, कढईशेजारी धरला, आणि बोटं लावून मोजलं. चौघांसमोर. "हे काय बाई? फोटोत बघा केवढं आहे. हे तर बसलंय."

मी कढई तुमच्यापुढे ठेवली.

माणिकरावांनीच उत्तर दिलं, "गावठी हात आहे साहेब. सांभाळून घ्या."

त्या चौघांना हसू आलं. तेव्हा दाराआडून झुंबरबाई ओरडल्या, "फुगलं होतं! म्या पाह्यलं! तुमचं डोस्कं बांधून होईलोक कोण थांबते?"

"आजी, तुम्ही शांत बसा."

"साहेब, मी पण पाह्यलं होतं..." प्रसेनजित बोळातून म्हणाले.

"गाडी वळवून ठेव," तुम्ही म्हणालात.

आणि मग तुम्ही खाल्लं. आधी चमच्यानं, "चाखून बघतो नुसतं." मी वर लिंबू पिळून पिठीसाखर घातली होती. दुसरा घास मोठा होता. तिसऱ्याला तुम्ही कढई स्वतःकडे ओढलीत. माणिकरावांनी हात पुढे केला तेव्हा तुम्ही त्यांना एक फोड दिलीत, काठाकडची, जळकी. बोलणं बंद झालं तुमचं. तासाभरात पहिल्यांदा. कढई रिकामी झाल्यावर विचारलंत, "अजून नाही का?" मी मान हलवली. मग तुम्ही पेन काढलंत.

तो कागद मी नंतर मिळवला. रंग, आकार, उंची, मांडणी, स्वच्छता. उंचीत शून्य. स्वच्छतेत, "स्वयंपाक गोठ्यात." गाय निंबाखाली होती, साहेब, तुम्ही तिच्याजवळून गेलात. आणि वरच्या दोन खोल्या? ज्यांच्यासाठी परवाना आहे त्या? तुम्ही जिना चढलाच नाहीत. पायऱ्या चौदा आहेत. मी चादरी इस्त्री करून ठेवल्या होत्या. एका कपातल्या पाण्यात तुळस ठेवली होती. तुम्ही मेहकरला गेलात.

अकरा दिवसांनी यादी लागली. रुख्मिणीचं नाव आहे, तिचं अभिनंदन, फ्रेंच टोस्ट बसत नाही. माझ्या नावापुढे "अपात्र."

मग मी तुमच्या कचेरीत आले आणि मोबाईल तुमच्या टेबलावर ठेवला. दोन फोटो दाखवले. एक प्रसेनजितनं काढलेला, पाच बोटं उभा पॅनकेक. वेळ एक बारा. दुसरा फेटा चालू असताना तिथल्याच एकानं काढलेला आणि माणिकरावांनी गावभर फिरवलेला, तुमच्या डोक्याला अर्धवट फेटा, तोंड उघडं. वेळ एक बारा. तुम्ही पहिला पाहिला नाहीत. दुसरा मोठा करून पाहिलात आणि म्हणालात, "हा मला पाठवा." पाठवला मी. आणि मग ते तुमचं, "लेखी द्या."

काल रविवारी सकाळी माणिकरावांचा टेम्पो दारात आला. खताची पोती. हमाल उतरले. गोविंदा अंगणात खाली मान घालून दात घासत राहिला, जसा तो प्रत्येक वेळी राहतो. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. किल्ली कमरेला होती. माणिकराव आले. सवयीनं हात पदराकडे गेला. मी तो हात खाली घेतला.

"पोते वर जाणार नाईत," मी म्हटलं.

हमालांनी उचललेलं पोतं परत टेकवलं. माणिकरावांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "गोविंदा, तुही बायको बोलून राह्यली."

"हाव, बोलून राह्यले," मी म्हटलं. "तुमच्याशीच बोलून राह्यले. त्या दिवशी दारात बोलले असते तं आज पोते आलेच नसते."

"परवाना आहे का?"

"आठ दिवस द्या."

"अन् आठ दिवसानं?"

मी उत्तर देण्याआधी झुंबरबाई आल्या, काठी टेकत, आणि माझ्या खालच्या पायरीवर बसल्या. जिना भरला. "आठ दिवस थांब रे माणक्या," त्या म्हणाल्या. "तुह्या बापाचं घर आहे, खत कुठी पळून नाई जात. फेटे बांधाले येळ होता तुले, आता थांबाले नाई का?"

टेम्पो परत गेला. त्यांनी पोती दुकानासमोर रचली आहेत, ताडपत्री टाकून. रोज येता-जाता मला दिसतात. येत्या रविवारी आठ दिवस भरतात.

म्हणून हे लेखी. दया नको, पुन्हा चिठ्ठी नको, पुन्हा प्रात्यक्षिक नको. केलं तर तुम्ही पुन्हा उशिरा याल आणि पुन्हा कुणीतरी तुमचं डोकं बांधेल. मला दोन गोष्टींचं उत्तर पाहिजे, तुमच्या सहीनं.

दोन्ही फोटो सोबत जोडले आहेत. एकाच मिनिटाचे. त्या मिनिटाला माझा पदार्थ तुमच्या छायाचित्राप्रमाणे होता, आणि तुम्ही त्याच्यापासून एका दाराच्या अंतरावर बसला होता. मग पाहणी कुणी चुकवली, मी का तुम्ही?

आणि दुसरं. तुमच्या कागदावर रंग आहे, उंची आहे, मांडणी आहे. तुम्ही अख्खी कढई संपवलीत आणि ती कशी लागली हे लिहायला त्यात जागाच नाही. त्या कागदाची नक्कल सोबत आहे. खाली पट्टीनं एक रकाना मी आखला आहे. वर माझ्या अक्षरात लिहिलं आहे, चव.

रविवारच्या आत भरून पाठवा. कसा लागला होता, साहेब?